थकलेल्या बाईनं माफी मागायची नाही

आपल्या वस्तीत एक वाक्य रोज ऐकू येतं. ‘आज माझ्यानं काय बी होईना.’ पोराबाळांची आई हे असं बोलते, जशी काही चोरी करताना सापडली. पोराला डबा दिला नाही, भाकरीऐवजी पाव आणला, कपडे बादलीत तसेच भिजत राहिले. गुन्हा एवढाच. त्यापायी ती दिवसभर आतल्या आत स्वतःला खात बसते.

मी गोदीत काम करतो. क्रेनवर ती किती टन उचलेल ते रंगानं लिहिलेलं असतं. त्याच्यावर भार लादला तर क्रेनला कुणी आळशी म्हणत नाही, लादणाऱ्याला जाब विचारतात. लोखंडाला एवढी सवलत. आईच्या पाठीवर आकडा कुणी लिहिला?

माझी आई चार घरची धुणीभांडी करते. माझी पाळी संपली की मी गेटाबाहेर, मोकळा. तिची दुसरी पाळी उंबऱ्यातच उभी असते : नळ, शेगडी, रेशन, धाकटीची शाळा. एखाद्या दिवशी ती भिंतीला टेकून बसते आणि बसल्याबद्दल आम्हा पोरांची माफी मागते. ती माफी मला झोंबते. कारण ती तिची नाहीच. तिच्या तोंडात घातलेली आहे.

कुणी घातली? मनुस्मृतीनं शूद्राला सांगितलं, कुरकुर न करता सेवा कर. बाईला सांगितलं, नवऱ्याची देवासारखी सेवा कर. पोथी १९२७ साली महाडला जळाली. पण तिचं दुसरं कलम आपल्याच घरात अजून शिजतंय. शिवी द्यायची तर आईवरून, पूजा करायची तर आईची. मधल्यामध्ये हाडामांसाची बाई कुणाला दिसत नाही.

सरकारचेच आकडे बघा. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांचे ८८. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे ती ज्याला स्वतःचा आळस म्हणते, तो पुष्कळदा तिच्या रक्ताचा हिशेब असतो. तो दवाखान्यात तपासायचा असतो, मनाला लावून घ्यायचा नसतो.

विश्रांती कुणी दान दिलेली नाही. जोतीराव फुल्यांचे साथी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना घेऊन भांडले, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी आली. १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलामागे उभे राहिले. पुढच्या वर्षी कायदा झाला. बाईला विश्रांती देणं राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सुट्टी घेतली म्हणून गिरणीतल्या कुणी मालकाची माफी मागितली नाही. मग चुलीपाशी का मागायची?

तेव्हा आयांनो, बहिणींनो, अंग चालत नसेल त्या दिवशी पडून राहा. पाव खाऊन पोरं एक दिवस मरत नाहीत. पडल्यापडल्या मनात हिशेब मांडू नका. तसं पडणं म्हणजे पगार नसलेली तिसरी पाळी.

आणि दोस्तहो, हे वाचून तिला ‘आई, आराम कर’ असं भाषण ठोकू नका. भांडी मोरीत तशीच असतील तर तो आराम उद्याचं दुप्पट काम आहे. मोर्च्यात समतेची घोषणा देणारा जेवून ताट तिथंच सोडतो, तोवर त्याची घोषणा घशाच्या वरचीच. ‘मदत करतो’ असंही म्हणू नका. मदत दुसऱ्याच्या कामाला करतात. घर आपलं आहे, खरकटंही आपलंच आहे. ती पडलेली असेल त्या दिवशी एवढंच बोला : पड तू, भांडी मी घासतो. आणि घासा.