मुदतवाढीचा खर्च कोण सोसतो?

आपल्या देशात प्रदूषणावर कायदे नाहीत, अशी तक्रार कोणालाही करता येणार नाही. महाराष्ट्राने तर जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी पाच वर्षे केला. पुढे १९८१ मध्ये हवेसाठी आणि भोपाळच्या भीषण दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये समग्र पर्यावरणासाठी कायदा झाला. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची प्रतवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण ‘मिळवून’ चौथे आले. या परीक्षेत अधिक गुण म्हणजे अधिक विष. कायदे वाढत गेले आणि काजळीही वाढत गेली, असे का व्हावे?

एकच उदाहरण पाहू. कोळशावरील वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच मर्यादा घातली. तोवर चिमणी उंच बांधली की भागत असे. जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत होती. ती २०२२ वर गेली, तेथून पुन्हा पुन्हा पुढे सरकली. आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना या बंधनातून मोकळेच करण्यात आले. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या दहा किलोमीटर परिसरातील केंद्रांचा मात्र एकेकटा विचार होणार आहे. २९२० मेगावॅट क्षमतेचे चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र असल्याच क्षेत्रात उभे आहे.

सरकारचा युक्तिवाद असा की, आपल्या कोळशात गंधक कमी, हवेतील या वायूचे प्रमाण मर्यादेत, यंत्रणा महाग आणि तिच्यामुळे वीज महागणार. हा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ नाही. परंतु हा वायू हवेत वायुरूपानेच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात, दूरवर जातात आणि फुप्फुसांत खोल शिरतात. तेव्हा केवळ वायूचे मोजमाप करून निश्चिंत होणे म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

आणि हिशेबाचाच हा प्रश्न आहे. कारखान्याचा धूर शेजाऱ्यावर जो खर्च लादतो तो उत्पादनाच्या किमतीत धरला पाहिजे, हे पिगू यांनी १९२० मध्येच सांगितले. १९५० मध्ये कॅप यांनी त्यापुढे जाऊन दाखविले की, हा बाजाराचा अपघात नसून खर्च दुसऱ्याच्या माथी मारण्याची रीतच आहे. यंत्रणा बसविली नाही म्हणून तिचा खर्च वाचला, असे होत नाही. तो खर्च दुर्गापूरच्या दमेकऱ्याच्या औषधात आणि बुडालेल्या मजुरीत शिरतो. वीज मुंबई-पुण्याकडे जाते, राख चंद्रपुरात उरते. स्वस्त विजेला चंद्रपूरच्या गरिबाने दिलेले हे अनुदान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

येथे आपणा समाजवाद्यांनाही एक अवघड गोष्ट मान्य करावी लागेल. हे केंद्र कोणा भांडवलदाराचे नाही, राज्य सरकारच्या महानिर्मितीचे आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीही सार्वजनिक क्षेत्रातल्याच. मालकी समाजाची झाली म्हणजे धूर निर्मळ होतो असे नाही. कारखाना शासनाचा, नियंत्रण मंडळ शासनाचे आणि मुदतवाढ देणारेही शासनच. मग तक्रारदाराने दाद कोणाकडे मागावी? हरित न्यायाधिकरणाचे पीठ पुण्यास आहे; रोजंदारीवरच्या माणसाला तेथवरचे अंतर म्हणजे न्याय नाकारण्याचाच प्रकार.

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८१ व १९८६ च्या कायद्यांतील बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड ठेवला. कैद क्वचितच कोणाला होत असे, हे खरे. पण कोट्यवधींच्या यंत्रणेपुढे पंधरा लाखांचा दंड ही शिक्षा नव्हे; तो प्रदूषणाचा परवाना ठरतो, आणि तोही सवलतीच्या दरात.

१९८२ पर्यंत चंद्रपूरचाच भाग असलेल्या गडचिरोलीत आता तेच पर्व सुरू होत आहे. सुरजागडचे लोहखनिज निघू लागले आहे, कोनसरीस पोलाद प्रकल्प आला आहे. परंतु या झाडीपट्टीतच वेगळ्या कायद्याचाही धडा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलावर अधिकार दिला आणि २००९ मध्ये मेंढा-लेखाने तो मिळवून वापरून दाखविला. याउलट, प्रदूषणाच्या कायद्यांत संमती देते ते मंडळ; गावाला केवळ जनसुनावणीत बोलण्याची मुभा, तीही बंधनकारक नसलेली.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या गावांवर धूर पडतो तेथील ग्रामसभांना व नगरवासीयांना विचारल्यावाचून मुदतवाढ देऊ नये. नियम मोडून जेवढा खर्च वाचविला, त्याहून दंड अधिक असावा. धुराड्यांची रोजची मोजणी मराठीत गावोगावी लागावी, आणि जिल्ह्यातील श्वसनविकारांचा वार्षिक हिशेब शासनाने विधानसभेपुढे ठेवावा. वीज काही पैशांनी महागली, तर ती उजेडात राहणाऱ्यांनी वाटून घ्यावी. आज ते पैसे चंद्रपूरची मुले आपल्या श्वासातून भरीत आहेत.