विजेच्या धक्क्याचा अपुरा हिशेब

हिंगोली जिल्ह्यात हळदीला पाणी द्यावयाचे, तर शेतकऱ्याला अनेकदा रात्रीच मोटार सुरू करावी लागते. ओली जमीन, उघडी वायर आणि अंधार एकत्र आले की अनर्थ ओढवतो. धक्का बसूनही माणूस वाचला, तर ‘थोडक्यात निभावले’ म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः हिशेब तेथे संपत नाही.

विजेचा प्रवाह त्वचेवर कित्येकदा लहानसाच डाग ठेवतो. मज्जातंतूंना मात्र खोल इजा करू शकतो. हातापायांतील बधिरता, दुर्बलता, स्मरणशक्तीचा ऱ्हास हे विकार काही वेळा आठवड्यांनी, महिन्यांनीही प्रकट होतात. तोवर अपघात विस्मरणात गेलेला असतो. दोष आळसाला नाहीतर दैवाला दिला जातो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये आणि एक डोळा वा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. ही तरतूद स्तुत्यच आहे. परंतु ज्याचा हात शाबूत दिसतो, पण खुरपे तासभरही धरवत नाही, त्याला कोणत्या रकान्यात बसवावयाचे? श्रम हेच ज्याचे भांडवल, त्याचे भांडवलच येथे घटलेले असते.

म्हणून धक्का बसलेल्या प्रत्येकाची रुग्णालयात नोंद व्हावी, काही महिन्यांनी फेरतपासणी व्हावी आणि काम करण्याची क्षमता किती घटली, यावरून साहाय्य ठरावे. शेतीला दिवसा वीज देणे हा तर त्याहून शहाणपणाचा खर्च होय. अवयव मोजणाऱ्या शासनाने आता माणसाचे बळही मोजावे.