नवरा तिकडे, आपण इकडे: जोडीदाराला भेटायला जाण्यासाठीचा व्हिजिटर व्हिसा इतका अवघड का?

समजा, डोंबिवली पूर्वेला राहणारी एक मुलगी आहे. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कंपनीत नोकरी, सकाळची ८ वाजून काही मिनिटांची लोकल. लग्नाला आठ महिने झालेत आणि त्यातले पाच महिने नवरा इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएस्सी करतोय. दिवाळीत पंधरा दिवस त्याच्याकडे जाऊन यायचं, एवढंच तिला हवंय. व्हिसाचा अर्ज उघडून बसल्यावर ती पहिल्याच वळणावर अडते. नवरा तिथे आहे हे लिहायचं, की नुसतं 'फिरायला जातेय' म्हणायचं?

नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याची दोन उत्तरं मिळतात. कुणी सांगतं, 'नवऱ्याचं नाव काढूच नकोस, लगेच रिजेक्ट करतात.' दुसरं कुणी सांगतं, 'लपवलंस तर कायमची बंदी येईल.' पहिल्या सल्ल्यात भीती खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. दुसऱ्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण दिशा बरोबर आहे. हे असं का, ते समजून घ्यायचं तर व्हिसा अधिकारी काय तपासत असतो ते आधी बघावं लागेल.

दोन व्हिसा, दोन उलट्या परीक्षा

जोडीदाराकडे जाण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक डिपेंडंट व्हिसा, म्हणजे त्याच्या किंवा तिच्या व्हिसाच्या आधारावर तिथे राहायला जाणं. दुसरा व्हिजिटर व्हिसा, म्हणजे भेटून परत येणं.

डिपेंडंट व्हिसासाठी तुम्हाला सिद्ध करायचं असतं की हे नातं खरं आहे, घट्ट आहे. लग्नाचं प्रमाणपत्र, एकत्र फोटो, एकमेकांना पाठवलेले पैसे, सगळं उपयोगी पडतं. व्हिजिटर व्हिसात प्रश्नच बदलतो. नातं खरं आहे यावर अधिकाऱ्याचा बहुधा आक्षेप नसतोच. त्याचा प्रश्न असतो, 'इतकं खरं नातं तिथे आहे, तर ही परत कशाला येईल?'

म्हणजे जे तुमच्या प्रवासाचं कारण आहे, तोच तुमच्याविरुद्धचा सगळ्यात मोठा मुद्दाही ठरतो. एका परीक्षेत नवऱ्याशी असलेलं नातं सिद्ध करायचं, दुसरीत डोंबिवलीशी असलेलं. अर्ज फेटाळले जातात तेव्हा पुष्कळदा झालेलं हेच असतं: लोक दुसऱ्या परीक्षेला बसतात आणि पहिलीची उत्तरं लिहून येतात. लग्नाचा चाळीस फोटोंचा अल्बम जोडलेला असतो आणि नोकरीवरच्या रजेचं पत्र मात्र नसतं.

हा संशय कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम २१४(बी) सांगतं की व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. ब्रिटनच्या नियमांत 'खरा पाहुणा' असणं ही अट आहे: मुदत संपल्यावर परत जाणार आणि वरचेवर भेटी देऊन तिथेच मुक्काम ठोकणार नाही. कॅनडाचा अधिकारी मुदतीअखेर तुम्ही देश सोडाल याची खात्री झाल्यावरच शिक्का देतो. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नकाराच्या छापील फॉर्मवर तर 'परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका' हे कारण आधीच छापलेलं असतं. अधिकाऱ्याने फक्त खूण करायची.

आणि ही शंका आजची नाही. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नियोजित वराकडे आलेल्या एका भारतीय स्त्रीची 'कौमार्य चाचणी' करण्यात आली होती. ती खरोखर लग्न न झालेली वाग्दत्त वधू आहे का, हे म्हणे तपासायचं होतं. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर गदारोळ झाला आणि ती प्रथा थांबवावी लागली. आज प्रश्न बँक स्टेटमेंटवर विचारले जातात, हा बदल मोठाच आहे. पण समोरच्याच्या नात्यावर आधी संशय घ्यायचा, ही सवय जुनीच आहे.

आत्ताच इतक्या जोडप्यांवर ही वेळ का आली?

कारण पहिला रस्ता अरुंद होत चाललाय.

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ नंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी नियम बदलला. पीएचडी किंवा संशोधनावर आधारित पदव्युत्तर शिक्षण सोडलं, तर साध्या मास्टर्सच्या विद्यार्थ्याला नवरा, बायको किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. शिक्षणानंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावरही, आधीपासून डिपेंडंट असल्याशिवाय जोडीदाराला जोडून घेता येत नाही. एक वर्ष शिक्षण अधिक हा व्हिसा, असा हिशेब केलात तर आपल्या डोंबिवलीकर मुलीच्या संसाराची पहिली काही वर्षं व्हिजिटर व्हिसाच्या भरवशावर आहेत. मधेच नवऱ्याला स्किल्ड वर्कर व्हिसा देणारी योग्य नोकरी मिळाली तरच चित्र बदलेल. ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांनाही कुटुंब नेणं बंद झालं.

कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदाराला मिळणारं ओपन वर्क परमिट मर्यादित केलं. आता ते किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, डॉक्टरेट आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतंच आहे. कॉलेजचा डिप्लोमा करणाऱ्याच्या बायकोसमोर व्हिजिटर म्हणून जाण्याचाच पर्याय मुख्यतः उरतो.

'मग त्यानेच इकडे येऊन जावं', हा घरातल्या मोठ्यांचा साधा उपाय. पण अमेरिकेत एच-१बी वर असलेल्यांसाठी तोही साधा राहिलेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या सोशल मीडियाची तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती थेट मार्च २०२६ किंवा त्याही पुढे ढकलल्या गेल्या. पासपोर्टवर नवा शिक्का घ्यायला सुट्टीत आलेले कित्येक जण इथेच अडकले. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत स्वतःच्या किंवा राहत्या देशातच द्यायची असा नियम झाल्याने दुसऱ्या एखाद्या देशात जाऊन पटकन काम उरकण्याची वाटही बंद झाली.

लपवलं तर?

अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये थेट विचारलेलं असतं की तुमचे जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का. त्यात पती-पत्नी येतात आणि वाग्दत्त वधू किंवा वरही येतो. म्हणजे साखरपुडा झालेला असेल तर 'अजून लग्न कुठे झालंय' ही पळवाट नाही. तुमच्यासाठी कुणी ग्रीन कार्डचा अर्ज भरलाय का, हाही प्रश्न आहे. शिवाय २०१९ पासून, गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यावी लागतात. फॉर्मवर 'कुणी नाही' आणि इन्स्टाग्रामवर साखरपुड्याचं रील, ही विसंगती शोधायला गुप्तहेर लागत नाही.

साधा नकार आणि खोटेपणासाठीचा नकार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या नकारानंतर पुन्हा अर्ज करता येतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं आणि अमेरिकेत ही अपात्रता कायमची असते. पुढे डिपेंडंट व्हिसाची वेळ येईल तेव्हाही ती आडवी येते. पंधरा दिवसांच्या भेटीसाठी सगळा संसार पणाला लावायचा नसेल, तर नवऱ्याचं नाव, पत्ता, त्याच्या व्हिसाची प्रत हे सगळं उघडपणे द्या.

मग डोंबिवलीशी असलेलं नातं कागदावर कसं दिसतं?

नोकरी हा सगळ्यात भक्कम धागा. किती वर्षं काम करताय, पगार किती, रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मंजूर झाली आणि कामावर कधी रुजू व्हायचंय, हे कंपनीच्या पत्रात असायला हवं. नुसत्या 'आमची हरकत नाही' या ओळीला फारसं वजन नसतं. त्याला जोडून पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्रं.

घर स्वतःच्या नावावर असेल तर इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जोडता येतं. इथे एक गैरसमज आहे. गावची जमीन आणि सातबारा जोडला की काम फत्ते, असं एजंट सांगतात. पण मालमत्ता तुम्ही नसतानाही जागेवरच राहते. ती तुम्हाला परत ओढून आणेलच असं अधिकारी मानत नाही. नोकरी, चालू असलेलं शिक्षण, सांभाळायला असलेले आई-वडील, इथे ठेवलेलं मूल यांचा विचार जास्त होतो.

बँक खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात मामाकडून आलेले चार लाख मदत करत नाहीत, उलट प्रश्न उभे करतात. पैसे नवरा देणार असेल तर तसं लिहा. पण तो विद्यार्थी असेल आणि आठवड्याला वीस तासांच्याच कामाची परवानगी असेल, तर तो खर्च उचलेल हे पटणं कठीण. अशा वेळी खर्च स्वतःच्या बचतीतून दाखवलेला बरा. मुक्काम त्याच्या खोलीवर असेल तर घरमालकाची परवानगी आणि भाडेकरार मागवून ठेवा.

आणि मुदत. ब्रिटन एका भेटीला सहा महिन्यांपर्यंत परवानगी देतं म्हणून सहा महिने मागायचे नसतात. दहा-पंधरा दिवसांची रजा असलेली व्यक्ती पंधरा दिवस मागते, हे समजण्यासारखं आहे. नोकरी करणाऱ्या व्यक्तीने पाच महिने मागितले तर नोकरीच्या पत्रावरचा विश्वास तिथेच उडतो.

सगळ्यात अडचण होते ती लग्नानंतर नोकरी सोडलेल्या मुलींची. 'तिकडे जायचंच आहे' म्हणून घरच्यांच्या सांगण्यावरून राजीनामा दिलेला असतो, घर सासऱ्यांच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या खात्यात. कागदावर तिला बांधून ठेवणारं काहीच उरत नाही. नियम स्त्री-पुरुष दोघांना सारखाच, पण त्याचा फटका सारखा बसत नाही, हे स्पष्ट बोलायला हवं. त्यामुळे व्हिसा हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका, आणि दिलेला असेल तर छोटी भेट मागा, कारण प्रामाणिकपणे लिहा, सुरू असलेला एखादा कोर्स किंवा घरून करत असलेलं काम असेल तर त्याचे पुरावे जोडा.

लग्नाची नोंदणी राहिली असेल तर ती महापालिकेत करून घ्या. महाराष्ट्रात १९९८ चा त्यासाठीचा कायदा आहे. कार्यालयातला सोहळा आणि गुरुजींची पावती परदेशी अधिकाऱ्याला काही सांगत नाही.

साखरपुडा झालाय, किंवा लग्न करायचंच नाहीये

साखरपुडा झालेल्यांकडे एक पुरावा असतो जो सहसा कुणी जोडत नाही: इथल्या मंगल कार्यालयाच्या बुकिंगची पावती. लग्न डोंबिवलीत अमुक तारखेला आहे, म्हणजे परत यायलाच हवं. हे रजेच्या पत्राइतकंच बोलकं ठरू शकतं. मात्र ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर लग्न लावता येत नाही, त्यासाठी वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा लागतो.

लग्न न केलेल्यांना कागदाची अडचण जास्त. कॅनडा एक वर्ष एकत्र राहिलेल्यांना कॉमन-लॉ पार्टनर मानतं. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून एकाच छपराखाली राहण्याचा आग्रह सोडला, पण दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. अमेरिकेत एकत्र राहणाऱ्या जोडीदारासाठी बी-२ व्हिसाची सोय नमूद आहे. समलिंगी जोडप्यांना तर भारतात लग्नाचं प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तो प्रश्न संसदेवर सोडला. त्यांच्यासाठी व्हिजिटर व्हिसा हा बहुधा पहिला आणि कधी कधी एकमेव रस्ता असतो.

मुलाखत आणि नकार

ब्रिटन, कॅनडाचा निर्णय बहुतेक वेळा कागदांवरच होतो. अमेरिकेचं उलट. कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाने बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात पोचायचं, मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो बाहेर कुणाकडे तरी द्यायचा, आणि खिडकीवर दोन-तीन मिनिटांत सगळं संपतं. फाइल अनेकदा उघडलीही जात नाही. 'कशासाठी जाताय?' याला 'नवऱ्याला भेटायला, पंधरा दिवस, सोमवारी कामावर हजर व्हायचंय' हे उत्तर पुरेसं आहे. पाठ केलेली लांबलचक उत्तरं लगेच ओळखू येतात.

नकार आला तर फी परत मिळत नाही; अमेरिकेची १८५ डॉलर आहे, ब्रिटनची एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. अपिलाची वाटही जवळपास नाही. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा हक्क ब्रिटनने २०१३ मध्ये काढून घेतला. जर्मनीत दूतावासाकडे फेरविचार मागता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता उरतं कोर्ट किंवा नवा अर्ज. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यांतले सुमारे १.६५ लाख फेटाळले गेले. त्यामुळे नकार आला म्हणजे आपल्यावर कायमचा शिक्का बसला असं नाही. पण तेच कागद घेऊन पुढच्याच आठवड्यात पुन्हा अर्ज करणं म्हणजे पैसे पाण्यात. नोकरीला सहा महिने जास्त झालेत, पगार वाढलाय, भेटीची मुदत कमी केलीये, असं काहीतरी बदललेलं असावं. आणि आधीचा नकार नव्या अर्जात लिहायचा असतो.

एकदा व्हिसा मिळाला की परतीचं तिकीट चुकवू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांत येण्या-जाण्याची नोंद बोटांच्या ठशांसह संगणकावर सुरू झालीये. जास्तीचा एक दिवसही तिथे दिसतो. उलट, वेळेवर परतलात तर पुढचं सोपं होतं. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठीच्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्याला पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा जाण्या-येण्याचा मिळू शकतो. त्यानंतरचा पाच वर्षांचा.