नकारांचं भांडवल

हार्वर्ड शंभरातल्या पाच जणांनाही आत घेत नाही. म्हणून ते थोर! जग टाळ्या पिटतं. आपली पोरंही पिटतात.

दोस्तहो, हे गणित जरा उलटं मांडून बघा. शिपायाच्या एका जागेला हजारो अर्ज येतात. म्हणून ती नोकरी थोर ठरते का? रांगेवरून बाहेरच्यांची भूक कळते, आतला पगार नाही. कॉलेजचंही तसंच. किती जणांना हाकललं यावरून आत काय शिकवतात ते कळत नाही.

शिवाय हा आकडा पिकवता येतो. गावभर पत्रं धाडा, फॉर्मची फी माफ करा, अर्ज वाढवा आणि नाकारा. वर्गातला एक बाकही न बदलता कॉलेजचा भाव वाढतो! अमेरिकेत कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या 'यू. एस. न्यूज'नेसुद्धा २०१८ साली हा आकडा मोजणं सोडून दिलं.

आणि आत कोण जातं? हार्वर्डवर खटला झाला, तेव्हा २००९ ते २०१४ च्या प्रवेशांचे कागद बाहेर आले. प्रवेश मिळालेल्या गोऱ्यांपैकी शंभरात त्रेचाळीसहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची नि नोकरवर्गाची पोरं, नाहीतर डीनच्या खास यादीतले. वशिला इंग्रजीत बोलला की त्याला मेरिट म्हणायचं!

आता आपल्या बापाचं घ्या. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या कटऑफच्या यादीने त्यांना गेटवरूनच परत धाडलं असतं. तेच बाबासाहेब १९१३ साली त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे तिथलेच डॉक्टर झाले. मग खोट कुणात होती? माणसात की मापात?

१९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. वर्ग सकाळी भरवले, कारण पोरांना दिवसा नोकरी करायची होती. दार किती अरुंद, हे त्यांनी मोजलं नाही. पोरगं दारापर्यंत कसं येईल, ते बघितलं.

म्हणून कॉलेजवाल्यांना हेच विचारा. तुमच्याकडे आलेलं पोरगं कुठून निघालं आणि कुठवर पोचलं? मधेच किती गळाले, का गळाले? स्कॉलरशिप वेळेवर हातात पडली का? मास्तर वर्गावर येतो का?

हे आकडे नोटीस बोर्डावर लावा. मग मेरिटचं बोलू.