दिवसाला तेहतीस रुपये
लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे देवळांची दारं बंद झाली. आशाताईंना, म्हणजे गावोगावच्या मानधनावरच्या आरोग्य स्वयंसेविकांना, मात्र दारोदार जावंच लागलं. एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर परतू लागले, तेव्हा याद्या, चौकशी, विलगीकरण, सगळं त्यांच्याच गळ्यात. भीती रोगाची होतीच. त्याहून मोठी, तो आपण घरच्या लेकरांपर्यंत, म्हाताऱ्या सासूपर्यंत नेऊ याची. त्यात तोंडावर दार लावणारे शेजारी. केंद्राचा कोविड भत्ता तेव्हा महिन्याला 1000 रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस! मेल्यावरचा विमा मात्र 50 लाखांचा. (जिवंत माणसाचा हिशेब आपल्याकडे नेहमीच चिल्लरीत.) 15 जून 2021 ला राज्यभरातल्या आशा संपावर गेल्या, आठवडाभरानंतर थोडी मानधनवाढ पदरात पाडून परतल्या. पुन्हा ऑक्सिमीटर, पुन्हा वही, पुन्हा तीच बंद दारं.