विश्लेषण : यूएसबी ‘क्लीनर’मुळे गाणे खरेच चांगले ऐकू येते का?

लॅपटॉपवरचे गाणे चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर ऐकायचे, तर मध्ये ‘डॅक’ लागतो. फाइलमधल्या आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारे हे उपकरण. आता त्या डॅकच्याही आधी, यूएसबी पोर्टमध्ये अडकवायची आणखी एक डबी विकली जाते. कोणी तिला क्लीनर म्हणते, कोणी प्युरिफायर, कोणी रीजनरेटर. ऑडिओक्वेस्ट कंपनीचे ‘जिटरबग’ २०१५ मध्ये ४९ डॉलरना आले, तेव्हा ते या प्रकारातले स्वस्त मानले गेले. काही डब्या आज साध्या डॅकपेक्षाही महाग आहेत. त्या आवाजातला ‘मळ’ काढतात, असा दावा आहे. हा मळ असतो कुठे, हे आधी पाहायला हवे.

आकडे मळतात का?

नाही. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट पुरतात; यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिटची आहे. प्रत्येक पाकिटासोबत चूक ओळखण्याचा संकेतांक जातो. फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करताना चूक झाली तर ते पाकीट पुन्हा मागवले जाते. संगीताच्या थेट प्रवाहात तशी सोय नसते, हे विक्रेते सांगतात आणि ते खरे आहे. पण त्यावरून ते काढतात तो निष्कर्ष चुकीचा. पाकीट बिघडले तर ‘टक्’ असा आवाज येतो किंवा गाणे क्षणभर तुटते. तानपुरा जरा कोरडा वाटला, गायकाचा आवाज मागे सरकला, असे बारीक बदल बिट बिघडल्याने होत नाहीत. गाणे न तुटता वाजत असेल, तर आकडे पोहोचले आहेत आणि त्यांत साफ करण्यासारखे काही नाही.

मग ही डबी निरुपयोगी?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. यूएसबीच्या तारेतून आकड्यांखेरीज ५ व्होल्टचा वीजपुरवठा आणि ‘ग्राउंड’ही जातो. दोन पिनांच्या चार्जरवर असलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की अनेकदा झिणझिण्या येतात. चार्जरमधून गळणारा हाच सूक्ष्म प्रवाह तारेवाटे डॅक आणि अॅम्प्लिफायरपर्यंत जाऊ शकतो. दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेली असतील तर ‘ग्राउंड लूप’ तयार होतो आणि ५० हर्ट्झची घुरघुर ऐकू येते. संथ आलापात, दोन स्वरांमधल्या शांततेत ती नको तितकी जाणवते. लॅपटॉपवर माउस हलवला की स्पीकरमधून बारीक किरकिर ऐकू येणे, हाही त्याच कुळातला दोष.

यावर औषध आहे ते मात्र ‘आयसोलेटर’चे, म्हणजे दोन्ही बाजूंचा विद्युतसंबंध तोडून केवळ आकडे पलीकडे नेणाऱ्या उपकरणाचे. साध्या गाळणीने ग्राउंड लूप तुटत नाही. पैसे खर्च करण्याआधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घुरघुर थांबली तर दोष वीजपुरवठ्यात आहे; सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही तो पुष्कळदा जातो. घुरघुर मुळातच नसेल, तर रोग नसताना औषध घेण्यात अर्थ नाही.

‘जिटर’चे काय?

जाहिरातींचा हा लाडका शब्द. आकडे बरोबर असले तरी ते लहरीत बदलण्याची वेळ किंचित मागेपुढे होणे, म्हणजे जिटर. यूएसबी ऑडिओच्या सुरुवातीच्या काळात डॅक आपला ताल संगणकाकडून घेत, तेव्हा ही तक्रार रास्त होती. आजचे बहुतेक चांगले डॅक ‘असिंक्रोनस’ पद्धतीने चालतात: आकडे आधी साठवायचे आणि स्वतःच्या घड्याळाच्या तालावर वाजवायचे. पाकिटे किती नियमित आली, याने त्या तालात फरक पडत नाही.

मग अनेकांना फरक ऐकू कसा येतो?

ते खोटे बोलत नाहीत. पण आपण नुसते कानांनी ऐकत नाही. किंमत, अपेक्षा आणि डोळ्यांसमोरची चकचकीत डबी हेही ऐकण्यात मिसळते. म्हणून कोणते उपकरण जोडले आहे ते न सांगता चाचणी घ्यावी लागते. अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च क्षमतेचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जाला उतरवलेले, यांतला फरक ओळखायला सांगितले होते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढीच आली असती. तो प्रयोग यूएसबीचा नव्हता. पण तिथे निदान आकड्यांत खरा फरक होता. क्लीनरच्या बाबतीत तोही नसतो.

ही चाचणी घरीही होते. घरातल्या कोणाला तरी डबी लावायला-काढायला सांगा, स्वतः पाहू नका. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखता आले तर दाव्यात दम आहे.

ग्राहकाने काय मागावे?

उत्पादक बहुधा यूएसबी तारेवरचा आलेख दाखवतात: आधी खडबडीत, नंतर गुळगुळीत. तो खराही असू शकतो. पण आपण ऐकतो ते डॅकमधून बाहेर पडणारी लहर, तार नव्हे. त्या टोकाला डबीसह आणि डबीविना घेतलेले मोजमाप क्वचितच छापले जाते. नीट बांधणीच्या डॅकवर स्वतंत्रपणे केलेल्या अशा मोजमापांत वारंवार दोन्ही आलेख एकमेकांवर बसलेले दिसले आहेत. स्वस्त, यूएसबीच्याच विजेवर चालणाऱ्या डॅकमध्ये कधी थोडी सुधारणा दिसते. तिथे क्लीनरचे पैसे डॅक बदलण्यात घालणे शहाणपणाचे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ‘आवाज अधिक मोकळा होतो’ हे वाक्य या कायद्याच्या चिमटीत पकडणे अवघड आहे. ‘जिटर कमी होतो’ हा मात्र मोजता येणारा दावा आहे. तो करणाऱ्या विक्रेत्याकडे डॅकच्या बाहेरच्या टोकाचा आलेख मागावा, आणि तो मिळेपर्यंत माल परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.