पोकळ कण आणि झिजेचा हिशेब

यंत्र चालते तेव्हा ते झिजतही असते. ही झीज जमाखर्चात कोठे एकत्र दिसत नाही; सुटे भाग, इंधन, दुरुस्ती अशा निरनिराळ्या खात्यांत ती विखुरलेली असते. ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ साली हा हिशेब मांडला, तेव्हा घर्षण व वंगण यांकडे नीट लक्ष दिल्यास वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा अंदाज निघाला.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील एका शोधाचे महत्त्व या संदर्भात जाणवते. टंगस्टन डायसल्फाइड हा अभ्रकासारखा थराथरांचा पदार्थ. त्याचे थर पत्त्यांप्रमाणे एकमेकांवरून घसरतात, म्हणून तो वंगणासाठी उपयोगी. तथापि सपाट थरांना कडा असतात. तेथील अणूंचे बंध अपुरे राहतात आणि पदार्थ तेथूनच धातूला चिकटू व बिघडू लागतो. रेशेफ टेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, हे थर वळून, कडा मिटवून, बंदिस्त पोकळ कण बनू शकतात. कांद्याचे पापुद्रे एकात एक असावेत, मात्र गाभा रिकामा! टंगस्टन ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर उच्च तापमानात हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला की प्रथम बाहेरचे कवच तयार होते, मग विक्रिया आत सरकते आणि अखेर मध्ये पोकळी उरते. असे कण धातूंच्या पृष्ठभागांमध्ये लोळतात. दाब वाढला तर त्यांचे पापुद्रे सुटून धातूवर बसतात.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ही मंडळी वंगण शोधत नव्हती. सूर्यप्रकाशापासून वीज मिळविण्यासाठी अशा पदार्थांचा अभ्यास चालू होता. ‘उपयोग आधी सांगा, अनुदान मग मागा’ असे म्हणणाऱ्या कोणत्याही वित्तखात्याने या कामाला वंगणासाठी एक पैसाही दिला नसता. वंगणगुणांचा निबंध १९९७ साली आला, उत्पादनासाठी कंपनी २००२ मध्ये निघाली. खाजगी भांडवल आले ते असे दहा वर्षांनी, अनिश्चिततेचा मोठा टप्पा ओलांडल्यावर.

आपल्याकडेही बंगळुरूत सी. एन. आर. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पदार्थांच्या नलिकांवर काम केले आहे. विद्वत्तेची वाण नाही. अडचण बाजारात आहे. खरेदीदार डब्याचा दर पाहतो. वाचलेली दुरुस्ती मात्र वर्षभराने, दुसऱ्याच खात्यात दिसते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या कार्यालयाच्या तक्त्यात यंत्राच्या आयुष्याचा रकाना नसेल, तर असे वंगण तेथे महागच ठरणार.